बदललेला नवस

आमच्या साखरखेर्ड्यात एक भाऊ शिलाई मशिनी दुरुस्त करते. झाडावरून पडून त्याच्या पाठीचा मणका मोडला, तवापासून तो चाकाच्या खुर्चीवर असते. कंबरेखाली त्याले काहीच कयत नाही. कोणी न इचारता मागून खुर्ची ढकलली की ब्रेक लावते अन् म्हणते, "मी काय भाजीचा ठेला आहो काय बे?" ढकलणारा बहुतेक मीच असतो.

माह्यं डोस्कं अर्धंच चालते. मी मारोतीले नवस बोललो, भाऊ चालला की मंगच चप्पल घालीन. मंग उन्हात अनवाणी उड्या मारत त्याच्या दुकानात गेलो.

"काऊन नाचून राह्यला बे?"

मी नवस सांगितला. त्यानं माहे उन्हानं भाजलेले तयपाय पाह्यले.

"मले इचारलं होतं काय? चालणं राहू दे. चारचौघात पॅन्ट ओली होते ना, ते थांबव म्हणा. भाचीचं लग्न आहे, मले पंगतीत बसाचं आहे."

मी परत जाऊन नवस बदलला. देवानं काय केलं ते देवाले ठाऊक. भाऊ मात्र दवाखान्यात गेला अन् घड्याळ पाहून नळीनं लघवी काढाचं स्वतःच शिकला.

लग्नात तो पंगत उठेपर्यंत बसला, वरून मठ्ठाही मागून पेला. मंग कोरड्या पॅन्टवर थाप मारून मले हाक देली, वाकून पायातल्या चपला काढल्या अन् माह्याकडं फेकल्या.

"घाल बे. फिटला तुहा नवस."

त्या मले लहान होतात, बोटाले चावतात. म्हणून मी अजूनही नाचतच चालतो.