एकोणिसाव्यापासून सुरुवात करा

अनंतभाऊ गेल्याचा फोन आला तो गुरुवारी, आणि त्यांना द्यायचे पुस्तक मी मेजावर काढून ठेवले होते. कारापूरच्या आमच्या वाचनालयात ते दर गुरुवारी अकराला येत. पुस्तक मी परत कपाटात लावले, दाराला कुलूप घातले आणि त्यांच्या घरी गेले. रडणे माझ्याच्याने होत नाही. त्यांच्या पत्नी शालनवहिनींजवळ बसले, आलेल्यांसाठी शेजारून चहा आणवला.

त्याला दीड महिना झाला. या दीड महिन्यात भेटेल तो मला एकच विचारतो, भाऊंचे वाचायचे तर कुठून सुरुवात करू? ग्रंथपाल म्हणून उत्तर देणे माझे काम आहे. सव्वीस वर्षे मी ते चुकीचे देत आले.

भाऊ पाळी गावच्या खाणीवर वजनकाट्यावर होते. खनिजाचे ट्रक तोलायचे आणि दोन ट्रकांच्या मधल्या वेळात लिहायचे. खाणी बंद पडल्या तेव्हा बरोबरचे लोक हादरले, भाऊ म्हणाले, "आता मधे ट्रक येत नाहीत, एवढंच." सदतीस कादंबऱ्या लिहिल्या. परग्रह, जमिनीखालची राज्ये, बोलणारे डोंगर... सगळ्या एकाच कल्पित जगातल्या, पण प्रत्येकीची गोष्ट वेगळी. मी पुठ्ठ्यांवर एक ते सदतीस आकडे चिकटवले आणि नियम केला की नव्या वाचकाला आधी पहिले द्यायचे, ते वाचून आणले की दुसरे. पहिले म्हणजे 'सप्तग्रहांचे सम्राट'. ते त्यांनी ऐन विशीत लिहिले होते आणि त्याची पहिली चाळीस पाने नुसती राजांची वंशावळ होती.

"गो सुलभा," ते एकदा म्हणाले, "पयलें कोणाक दिवं नाका. तें कच्चें आसा. एकोणिसावें दी."

"मधूनच कसं देऊ, भाऊ? लोक गोंधळतील."

"गोंधळचे नात. तुज्या पयल्याक भिवन धांवतात!"

मी हसले आणि नियम तसाच ठेवला. पहिल्याच्या पुढे मी स्वतःही गेले नव्हते, हे त्यांना ठाऊक असावे. कधी बोलून दाखवले नाही. पुढे ते गुरुवारी येऊन स्वतःचीच पुस्तके नेऊ लागले. आपलीच कसली वाचता, म्हणून मी टोमणा मारला, तर म्हणाले, "विसरतां गो. नवें बरयतना आदलें सोदचें पडटा." लिहिणाऱ्याला मागचे शोधावे लागत असेल, म्हणून मला ते पटले.

शोकसभेसाठी पुस्तके मांडताना शेवटच्या पानांवरच्या देवघेवीच्या चिठ्ठ्या मी प्रथमच नीट पाहिल्या. पहिल्याची चिठ्ठी भरून वर दुसरी चिकटवलेली. दुसऱ्या पुस्तकाची जेमतेम अर्धी. चौथ्यापासून सदतिसाव्यापर्यंत एकाच सभासदाचा क्रमांक होता, भाऊंचा. पाच वर्षांत कोणी न नेलेले पुस्तक आम्ही रद्द करतो. हा नियम त्यांना मीच, सहज बोलता बोलता, सांगितला होता. घरी सगळ्या प्रती असताना हा माणूस दर गुरुवारी एकेक पुस्तक वाचवून जात होता... आणि मी समोर बसून शिक्के मारत होते.

मग 'उलटा डोंगर' घरी नेले. तेच एकोणिसावे. एका ग्रहाची माती जहाजांत भरून विकली जाते. काट्यावर एक बाई बसते. प्रत्येक खेपेचे वजन करताना ती माती कोणाच्या अंगणातली हे तिला ओळखू येते, पण तिने फक्त वजनच सांगायचे असते. मी ते तीन दिवसांत संपवले. आपल्या भागातल्या माणसाला ते समजावून सांगावे लागणार नाही. सुरुवात इथूनच करा.

गेल्या महिन्यात शालनवहिनी भाऊंनी नेलेले शेवटचे पुस्तक परत द्यायला आल्या. मी 'उलटा डोंगर' त्यांच्यापुढे ठेवले आणि विचारले, हे तुम्ही वाचलेच असेल?

"ना गो." त्या खुर्चीत बसल्या. "पयलें तूंच दिल्लें म्हाका, तूं नवी लागिल्ली तेन्ना. राजांचीं नांवां वाचून जीव गेलो. कशें लागलें म्हणून ताणीं विचारलें. बरें आसा, म्हळें. दुसरें हाडलें ना, तें ताणीं पळयलें. मागीर केन्नाच विचारूंक ना."

वहिनींनी दुसरे आणले नाही हे पाहून भाऊंनी पुन्हा कधी विचारले नव्हते. म्हणजे त्यांच्या घरातला वाचकही माझ्याच नियमाने गेला होता. मी चिठ्ठीवर परतीच्या तारखेचा शिक्का मारला. त्यांनी पुस्तक पिशवीत घातले आणि निघाल्या.

मुदत संपली की दुसऱ्या दिवशी सकाळी मी वाचकाला फोन करते. त्यावरून गावात माझी चेष्टाही होते. वहिनींची मुदत संपून आज नऊ दिवस झाले. परवा बसमधून जाताना त्या अंगणात वाचत बसलेल्या दिसल्या, चष्मा नाकावर घसरलेला. पुस्तक कोणते ते दिसले नाही. फोन मी केलेला नाही.