गल्लीकडे तोंड केलेला कॉम्प्युटर

कॉम्प्युटरचा पडदा आपल्याकडे तोंड करून ठेवायचा असतो, ही गोष्ट साऱ्या जगात फक्त एका माणसाला मान्य नाही, आणि तो माणूस म्हणजे डिलाईल रोडच्या चाळीतले माझे एके काळचे घरमालक काका. मुलगा डोंबिवलीला राहायला गेला आणि जुना कॉम्प्युटर मागे ठेवून गेला. काकांनी तो टेबलासकट गॅलरीच्या दारात ओढला आणि त्याचं तोंड समोरच्या चाळीकडे केलं. टाइप करायचं ते गॅलरीत उभं राहून, कीबोर्ड कठड्यावर टेकवून, एका बोटाने. वायर आडवी असल्यामुळे शेजारीपाजारी त्यांच्या गॅलरीतून वाकून जात.

गल्लीपलीकडे, त्याच मजल्यावर, त्यांचा मित्र बाबल राहतो. दोघांनी तरुणपण एकाच मिलमध्ये काढलं. साच्यांच्या, म्हणजे मागांच्या, खडखडाटात बाबलचे कान गेले, पुढे गुडघे गेले आणि जिने उतरणं बंद झालं. फोन ऐकू येईना, मोबाईलवरची अक्षरं मुंग्यांसारखी दिसत. काकांनी आधी पाटीवर खडूने लिहून दाखवलं. त्यावर बाबल गल्लीभर ओरडला, "मेल्या, ह्यां अक्षर आसा काय कोंबडी नाचली?"

मी तेव्हा मंगळवेढ्याहून नुकताच आलो होतो. आमच्या घरातला पहिला पदवीधर. राहायला जागा मिळत नव्हती, तेव्हा काकांनी खोलीतला एक कोपरा दिला, आणि पहिल्याच संध्याकाळी म्हणाले, "तू शिकलंस मां? मग ह्यां मोठां कर."

मी रेझोल्यूशन कमी केलं. अक्षरं मोठी झाली, पण कडा पसरल्या. काकांनी डोळे बारीक करून पाहिलं. "चायत बुडवलेल्या बटरासारखां झालां." मग मी रेझोल्यूशन पूर्ववत करून नुसतं अक्षरांचं माप वाढवलं, ठसठशीत फॉन्ट निवडला, काळ्यावर पिवळी अक्षरं केली. त्याबरोबर चित्रंही वाढली. कचऱ्याची बादली तर एवढी झाली, की काकू म्हणाल्या, "ह्येच्यात आता केर टाकूचो काय?"

इतक्यात समोरून आरोळी आली, "आता दिसतां रे!" काकांनी माझ्या पाठीवर अशी थाप मारली, की माझ्या पदवीचा कुणाला तरी उपयोग आहे हे मला त्या दिवशी पहिल्यांदा पटलं.

मग गल्लीची करमणूक सुरू झाली. काका पडद्यावर मुकाट्याने विचारत आणि बाबल ओरडून उत्तर देई. खालून जाणाऱ्यांना नुसती उत्तरंच ऐकू येत. "होय, होय! सकाळीच झालां पोट साफ!" किंवा, "सुरमईचे दोन तुकडे खाल्लंय, पण सुनेक सांगा नको!" सून त्याच्या मागेच उभी असे. दुपारी पडद्यावर ऊन आलं की काका त्याच्यावर छत्री धरून उभे राहत. काच पुसायला त्यांना काकूंच्या लुगड्याचंच फडकं लागे. दुसऱ्याने म्हणे चरे पडतात.

पण बाबलचे डोळेही अधू होत गेले. ऑपरेशनने सुधारण्यासारखं नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं. काका मला अधूनमधून म्हणत, "जरा मोठां कर." आधी पडद्यावर सगळी खबर मावत होती, मग एक ओळ, मग दोन शब्द. एकदाच ते खालच्या आवाजात बोलले, "पडदो संपलो तर मी तेच्याशी बोलतलंय कसां?"

आता मी दादरला नोकरी करतो, दिवसभर बारीक अक्षरांत डोकं घालतो. मध्यंतरी काकांकडे गेलो, तर जेवणाची वेळ झाली होती. त्यांनी कॉम्प्युटर चालू केला. अजून एक अक्षरही उमटलं नव्हतं, पडद्यावर फक्त उजेड होता, आणि समोरून बाबल ओरडला, "जेवलंय रे! तू जेव!"

मी काकांकडे पाहिलं.

"उजेड दिसता तेका," ते म्हणाले. "ह्या वेळेक मी काय इचारतलंय, तां काय वाचूक व्हयां?"

तरीही ते एकेक कळ शोधत टाइप करत राहिले. "जेवलंस?" एवढा एकच शब्द, या कडेपासून त्या कडेपर्यंत. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "जरा मोठां करतंस?"

मी माप वाढवलं. शेवटचं अक्षर पडद्याबाहेर गेलं. मी पुन्हा कमी करायला लागलो, तर काकांनी माझा हात धरला.

"ऱ्हवांदे," ते म्हणाले. "पोचलां."