काकीच्या विहिरीचं गाऱ्हाणं

पेडण्यातल्या आमच्या गावी खाजणाच्या, म्हणजे खाडीलगतच्या बांध घातलेल्या शेतजमिनीच्या, काठाला दोन विहिरी होत्या, एक आमची, एक शेजारच्या काकीची. मध्ये फक्त कुंपण. काकी एकटीच राहायची. तिच्या विहिरीचं पाणी इतकं गोड की वाड्यावरच्या बायका पेजेसाठी तिथूनच कळशी भरून न्यायच्या, आणि काकीला त्याचा कोण अभिमान!

गोवा घटक राज्य झालं त्यानंतरच्या हिवाळ्यात मी म्हापशाहून पंप आणला. दोरी ओढायचा कंटाळा होताच, शिवाय मिरवायचंही होतं. काकी कुंपणापलीकडून म्हणाली, "पुता, वयला पाणी तेवडा गोडा, सकल खारा आसा. मोटर सोसची ना तेका." वर गोडं, खाली खारं, हे शाळा न पाहिलेल्या बाईनं मला शिकवावं, याचा उलट रागच आला.

मग भाजीला पाणी, अंगणात पाणी, बायको पुरे म्हणाली तरी पाणी. मार्चमध्ये आमच्या घरी डाळ शिजेना, चहा खारट लागू लागला. तेव्हाच मला काय ते कळलं होतं. पण भाजी ऐन भरात होती, मी पंप चालूच ठेवला.

पंधरा दिवसांत काकीची विहीर खारी झाली. बायका लांबच्या झरीवर जाऊ लागल्या. काकीनं मला विचारलं, तर मी बेधडक ठोकून दिलं, "खाडीचं पाणी अडवणाऱ्या मानशीचं दार गळत असणार." तिला ते पटलं नाही.

"माजाच कायतरी चुकला," ती म्हणाली. "विहिरीर नारळ ठेवतंय. गाराणा तू घाल."

रविवारी सकाळी बायका जमल्या. मी हातात नारळ घेऊन देवाला गाऱ्हाणं घालायला सुरुवात केली, "बा म्हाराजा, हिच्याकडसून कळत नकळत काय चूक घडली आसात..."

"व्हय म्हाराजा!" बायकांनी साथ दिली, त्यात काकीचाच आवाज मोठा.

'हिच्याकडसून'च्या जागी 'माझ्याकडसून' म्हणायचं, एवढंच होतं. मला भयंकर लाज वाटत होती, तरी म्हणालो नाही. नारळ फोडला. काकीनं खोबऱ्याचा मोठा तुकडा मला दिला.

त्याच दिवशी पंप उतरवला. बिघडला म्हणून सांगितलं.

पावसाळ्यानंतर पाणी पुन्हा गोड झालं. माझं गाऱ्हाणं देवानं ऐकलं, असं काकी मरेपर्यंत सांगत राहिली. दरवर्षी पाऊस सरला की गोड पाण्याची पहिली कळशी ती स्वतः आमच्या घरी आणून द्यायची, आणि मी ते पाणी प्यायलो की नाही ते उभी राहून बघायची.