सुपाचा वारा

"खरां सांग गो, लॅपटॉप ठेवतंस खंय?"

दार उघडल्यावर काकांचा हा पहिला प्रश्न. मशीनकडे ढुंकूनही न बघता थेट आपल्या तोंडाकडे बघत विचारलेला. आणि आम्ही शिकलीसवरलेली माणसं न चुकता खोटं बोलायचो. "टेबलावर." मग ते लॅपटॉप उलटा करून पंख्याच्या जाळीला नाक लावायचे. "टेबलाक गादीचो वास कधीपासून येवक लागलो?"

बोरिवलीच्या आमच्या बिल्डिंगमध्ये ते तळमजल्यावर राहायचे. हयातभर फ्रिज दुरुस्त केलेले. रिटायर झाल्यावर लॅपटॉपकडे वळले. शास्त्र तेच, म्हणायचे, थंड राहिलं की चालतं. तुमच्याही सोसायटीत असा एखादा असेल बघा. आडनाव कुणाला ठाऊक नसतं, आणि त्याच्यावाचून कुणाचं चालत नाही.

एकदा आमचे सेक्रेटरी तापलेला लॅपटॉप घेऊन गेले. "टेबलाशिवाय मी कुठेच ठेवत नाही," अगदी सभेतल्या आवाजात. काकांनी आतला पंखा उघडला, चिमट्यानं गुलाबी लोकरीचा बोळा काढला आणि त्यांच्या तळहातावर ठेवला. "ब्लँकेट चांगलां आसा."

धुळीवरून त्यांना घराघरातलं कळायचं. कुणाकडे मांजर, कुणाकडे दिवसभर उदबत्ती. तिसऱ्या मजल्यावरच्या एकानं सिगरेट सोडल्याचं बायकोला शपथेवर सांगितलं होतं. त्याच्या पंख्यात राख निघाली, आणि बायको शेजारीच उभी. काकांनी फुंकर मारून राख उडवली. "धूळ होती. बाल्कनीत घेऊन बसत जाऊ नका," एवढंच म्हणाले, तेही शुद्ध मराठीत.

माझी पाळी आली ती नोकरी जाऊन चार महिने झाल्यावर. सकाळी अकराला ऑनलाइन इंटरव्ह्यू होता, आणि नऊपासून लॅपटॉप दर वीस मिनिटांनी मान टाकत होता. दुसऱ्या कुणाचा घ्यावा, तर त्या कंपनीचं सॉफ्टवेअर याच मशीनवर टाकलेलं. मी धावत खाली गेले.

काकांनी उघडून बघितला. "पंखोच मेलो गो. नवो येवक दोन दिस लागतले."

मी त्यांच्या दारातच बसले. रडलेसुद्धा असेन. त्यांनी घड्याळ बघितलं. "घरात सूप आसा?"

"आहे ना, टोमॅटोचं. पाकिटातलं."

"पिवचां नाय गो, पाखडूचां!"

ते त्यांच्याच स्वयंपाकघरात निघालं. अकराला पाच कमी असताना माझ्या टेबलावर दोन उपड्या वाट्यांवर लॅपटॉप होता, तळाचं झाकण काढलेला. टेबलफॅनचा आवाज माइकमध्ये गेला असता, म्हणून काका कॅमेऱ्याच्या बाहेर, बाजूला स्टुलावर बसून सुपानं वारा घालत होते. पासष्टीचा माणूस. मी वर ब्लेझर घातलेली.

अर्ध्या तासानं समोरच्या बाई म्हणाल्या, "तुमच्याकडे हवा छान दिसतेय. केस उडताहेत."

"हो, समोर झाडी आहे," मी म्हटलं. समोर बी विंगचे ड्रेनेजचे पाइप होते.

मग त्यांनी विचारलं, "अडचण आली तर एकट्यानं सोडवता, की मदत घेता?"

"एकटीनं," मी ठासून सांगितलं.

सूप थांबलं.

कीबोर्डखाली चढणारी ऊब माझ्या बोटांना कळली. "म्हणजे," मी घाईघाईनं म्हटलं, "मदत घेते. बरीच घेते." सूप पुन्हा हलू लागलं.

पन्नास मिनिटांनी इंटरव्ह्यू संपला. मी चहा दिला, तर कप त्यांनी डाव्या हातात घेतला. उजवा मांडीवर तसाच पडला होता. "बंद पडलो नाय ना? मगे झालां," ते म्हणाले.

नोकरी लागली. कंपनीनं नवा लॅपटॉप दिला, तो मी पेढ्यांबरोबर त्यांना दाखवायला नेला. त्यांनी उलटा करून जाळी शोधली. जाळीच नव्हती. "ह्येका पंखोच नाय?" पुन्हा एकदा सगळीकडून हात फिरवून बघितला आणि परत दिला. पेढा मात्र चांगला आहे म्हणाले. पुढे बिल्डिंगमध्ये असली मशीन्स वाढत गेली आणि तळमजल्याची बेल कमी वाजू लागली.

काकूंना गावीच राहायचं होतं. मग दोघांनी मालवणला जायचं ठरवलं. टेम्पो आला त्या सकाळी काका निरोप घ्यायला वर आले. मी मीटिंगमध्ये होते, कॅमेरा चालू. दारात उभे राहून त्यांनी स्क्रीनकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि हातानंच खूण केली: उठू नको.

मी उठले नाही. अकरा माणसं कसल्याशा रंगाबद्दल बोलत होती, निळा गडद हवा की फिका. मीही मत दिलं. एक मिनिट उठले असते तर कुणाचं काय बिघडलं असतं?

मीटिंग संपल्यावर जिने उतरून खाली गेले. टेम्पो गेला होता. वॉचमन सुतळीचे तुकडे झाडून एका कोपऱ्यात गोळा करत होता.