भीमरावांची दाढी, हिराबाईंचं मशीन

हिराबाईंना राग आला की त्या भांडी घासायला घेतात. त्या शनिवारी परदेशातल्या, जुरोंग ईस्टच्या फ्लॅटमध्ये त्यांनी घासलेलीच भांडी पुन्हा घासली, तरी राग काही उतरला नाही.

झालं होतं ते असं. भीमराव, म्हणजे हिराबाईंचे मिस्टर, यांना दोन वर्षांपासून कंपवात आहे. उजवा हात थरथरतो, मान हलते. हार्बरफ्रंटच्या एका शिपिंग कंपनीत बावीस वर्षं इंजिनिअर म्हणून काढलेला माणूस. निवृत्तीनंतर त्यांनी दाढी राखली आणि दर पंधरा दिवसांनी मॉलमधल्या सलूनमध्ये जाऊन ती नीट करून घ्यायची सवय लावून घेतली. तिथला जुना कारागीर सोडून गेला. नव्या माणसाने भीमरावांच्या गळ्याभोवती कापड बांधलं, मान हलताना पाहिली आणि बांधलेलं कापड सोडलं. "आंटी, कॅनॉट लाह. अंकल शेक. आय कट हिम, देन हाऊ?"

हलत्या मानेला कापलं गेलं तर काय, अशी त्याला भीती वाटली हे हिराबाईंना कळत होतं. पण भरल्या सलूनमध्ये त्याने ते कापड झटकलं आणि हे खुर्चीतून उठायच्या आत पुढच्या गिऱ्हाइकाला हाक मारली, ते त्या विसरायला तयार नव्हत्या. भीमराव उठले, थरथरता हात खिशात घातला आणि घरी आले. मग तीन आठवडे घराबाहेर पडले नाहीत.

गावाकडे, परभणीच्या बाजूला, भीमराव दहा वर्षांचे असताना न्हावी पाटलाच्या म्हशी भादरायचा, पण ह्यांच्या वस्तीतल्या पोराच्या डोक्याला हात लावायचा नाही. मग भीमरावांची आई त्यांना घरामागे, कुणाला दिसणार नाही असं बसवायची आणि शिंप्याकडून आणलेल्या जुन्या कात्रीने केस कापायची. डोक्यावर पायऱ्या पडायच्या. लग्नानंतर हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा हिराबाई रडल्या होत्या. आता रडू येत नव्हतं, नुसता संताप येत होता. एका माणसाला एका जन्मात न्हाव्याने दोनदा झिडकारायचं म्हणजे काय!

त्यातून चौदा एप्रिल तोंडावर आलेला. जयंतीच्या कार्यक्रमात त्रिशरण-पंचशील दरवर्षी भीमरावच म्हणतात, मग पाच मिनिटं बोलतात. यंदा त्यांनी सांगून टाकलं, "मी येत नाही. हे जंगल घेऊन उभा राहू का लोकांसमोर?"

जयंतीच्या आदल्या दिवशी हिराबाई खाली गेल्या आणि ब्लॉकखालच्या दुकानातून त्यातल्या त्यात स्वस्त ट्रिमर घेऊन आल्या. मुलगा सुगत म्हणाला, "आई, हे खेळणं आहे. घरी येणारा माणूस बोलावतो ना मी."

"कुणाला बोलवायचं नाही," हिराबाई म्हणाल्या. "ह्यांच्या दाढीला हात लावायचा की नाही, हे आता बाहेरच्या कुणी ठरवायचं नाही."

बाथरूममध्ये स्टूल मांडलं, गळ्यात टॉवेल बांधला. मशीनवर प्लॅस्टिकचा कंगवा आणि एक ते दहा आकडे. कागदावरची अक्षरं मुंगीएवढी, ती कोण वाचणार? घरातल्या पंख्याचा एक म्हणजे हळू, मिक्सरचा एक म्हणजे हळू. हिराबाईंनी जपून काम करायचं म्हणून एकवर लावलं. मान घट्ट धरली की जास्त हलते, हे त्यांना दोन वर्षांत कळलं होतं. म्हणून मानेखाली तळवा ठेवून त्या मानेबरोबर हात हलू देत होत्या.

"आधी मिशी घे," भीमराव म्हणाले. "चहात बुडतेय."

मशीन एकदाच फिरलं. टॉवेलवर पांढरा पुंजका पडला आणि डाव्या बाजूची मिशी गेली.

हिराबाईंनी मशीन बंद केलं. ती मिशी साधी नव्हती. भीमराव चोवीस वर्षांचे असताना वडील वारले. पाहुण्यारावळ्यांनी मिशी उतरव म्हणून गळ धरली, तेव्हा "आपण ते सगळं सोडलंय" म्हणून एकटे अडून बसले होते. तेव्हापासून आजवर ती उतरली नव्हती.

आवाज बंद झाला म्हणून सुगत डोकावला. "ओह नो," म्हणाला. मग जरा विचार करून, "बाबा, उद्या मास्क लावा. कुणी विचारलं तर सर्दी झालीय म्हणा."

त्याने आणून दिलेल्या मास्ककडे भीमरावांचा हात गेला. हिराबाईंनी मास्क मधेच हिसकावला आणि कचऱ्याच्या डब्यात टाकला.

"चूक माझी आहे. एक म्हणजे कमी कापेल असं वाटलं मला, तो निघाला केस किती ठेवायचे त्याचा आकडा. तोंड लपवायचं तर मी लपवीन. तुम्ही का म्हणून लपवायचं? त्या सलूनवाल्याला घाबरून तीन आठवडे घरात बसलात, ते काय कमी झालं?"

भीमरावांनी आरशात पाहिलं. मग म्हणाले, "आईनं पायऱ्या पाडल्या की पोरं हसायची. तरी दुसऱ्या दिवशी मी शाळेत जायचो."

"मग?"

"मग काय. सगळीच काढ."

हिराबाईंनी दाढी-मिशी सगळीच काढली. वरच्या ओठावर एक बारीक तीळ निघाला. बेचाळीस वर्षांच्या संसारात त्यांनी तो पहिल्यांदाच पाहिला.

दुसऱ्या दिवशी सभागृहाच्या दारातच प्रबोध भेटले. हे पुण्याचे, भीमरावांचे जुने सहकारी, न चुकता जयंतीला येणारे. त्यांच्या घराण्यात आईबाप गेल्याशिवाय कुणी मिशी काढत नाही. त्यांनी चेहरा पाहिला आणि आवाज खाली आणला.

"भीमराव, कोण गेलं हो?"

"कुणी गेलं नाही," भीमराव चारचौघांना ऐकू जाईल असं म्हणाले. "हिरानं घरी दाढी केली. चुकली. पुढच्या वेळी पण तीच करणार आहे."

स्टेजवर कुणीतरी त्यांच्यासाठी खुर्ची सरकवली. ते बसले नाहीत. खिशातून उजवा हात काढला आणि माईक त्याच हातात धरला. माईक खडखडत होता. तसाच खडखडू देऊन त्यांनी पंचशील म्हटलं आणि पाचाऐवजी बारा मिनिटं बोलले. पहिल्या रांगेत हिराबाई डोळे पुसत होत्या, आणि पुसताना कुणापासून तोंड फिरवत नव्हत्या.

पंधरा दिवसांनी पांढरे खुंट पुन्हा दिसायला लागले. शनिवारी सकाळी हिराबाईंनी आकडा पाचवर लावला, दोनदा तपासला आणि बाथरूममध्ये स्टूल ठेवलं. भीमराव पुढच्या उघड्या दाराशी उभे. समोर फ्लॅटबाहेरचा कॉरिडॉर, शेजारच्या चिनी आजी झाडांना पाणी घालतायत, माणसं लिफ्टकडे जातायत.

"आत नको," ते म्हणाले. "आई मला घरामागं बसवायची. तू खुर्ची पुढच्या दारात घे."