उदास चित्रांचे काका

मार्चमध्ये माझी बायको सुमती गेली. त्यानंतरच्या रविवारी शेजारचे काका माझ्या दारात येऊन उभे राहिले.

दुसऱ्यांची उदासी इतक्या उत्साहाने मिरवणारा माणूस अमेरिकेतल्या आमच्या रेडमंडमध्ये दुसरा नसेल. आयुष्य नागपूरच्या उन्हात काढून ते मुलाकडे राहायला आले, आणि इथल्या पावसाला आम्ही सगळे वैतागलेलो असताना हे नॉर्वे-फिनलंडच्या आजच्या चित्रकारांच्या प्रेमात पडले. राखाडी समुद्र, रिकामी खुर्ची, खिडकीशी पाठमोरी बाई, असं काही दिसलं की त्यांचा चेहरा उजळे. एकदा त्यांनी मराठी मंडळाची सहलच सिअ‍ॅटलच्या एका लहानशा कलादालनात नेली. एक काकू कळवळून म्हणाल्या, "एकटीच बसलीय हो बिचारी." काकांनी त्यांना थांबवलं. "चित्राचं सांत्वन करायचं नाही." मग पार्किंगमध्ये सगळ्यांना तर्री-पोहे खाऊ घातले. उदासी रिकाम्या पोटी सोसत नाही, असं त्यांचं ठाम मत होतं.

मला त्या दालनात न्यायला त्यांच्या सुनेचा विरोध होता. "बाबा, त्यांना एखादा कॉमेडी पिक्चर दाखवा ना."

"तिथे हसेल, अन् घरी येऊन पुन्हा मुका बसेल. काय फायदा?"

सुमतीबद्दल मी कुणाशीच बोललो नव्हतो. मी बोलावं, एवढंच काकांनी मनावर घेतलं होतं. पण विचारलं मात्र कधीच नाही. दर रविवारी ते दालनात घडीच्या दोन खुर्च्या पडद्यावर सतत चालणाऱ्या एका फिल्मसमोर मांडत. त्यात फिनलंडमधली एक बाई कप धुऊन पालथे घालते. बाहेर बर्फ. बस, एवढंच. काका बोलत राहत, "पाणी गार असेल बाप्पा. बोटं बघ तिची." मी बघत राही.

मेअखेर इथला पावसाळा सरत आला तेव्हा एका रविवारी माझ्या तोंडून निघालं, "सुमती कप सुलटे ठेवायची. धूळ बसते म्हणून मी भांडायचो."

काकांनी पहिल्यांदाच पडद्यावरून नजर काढून खुर्ची माझ्याकडे वळवली. म्हणाले, "मग?"

दालन बंद होईपर्यंत मी बोलत होतो.

पुढे काका कॅलिफोर्नियात फ्रीमाँटला मुलीकडे राहायला गेले. तिथे ऊन फार आहे, अशी फोनवर तक्रार करतात. खुर्च्या माझ्या गाडीत आहेत. रविवारी मी जातो, दोन्ही मांडतो. घरी कप सुलटे ठेवतो.