पहिल्या फ्रेममधला झेंडा

अमेरिकेतल्या तमाम मराठी माणसांत माझ्या रूममेटच्या काकांइतका खोट्याला घाबरणारा माणूस मी पाहिलेला नाही, आणि त्यांच्याइतकं देखणं खोटं भिंतीवर टांगणाराही दुसरा पाहिलेला नाही. हे मी प्रेमानेच लिहितेय, पण स्पष्ट लिहितेय. गुळमुळीत लिहायची मला सवय नाही. काका न्यू जर्सीतल्या पार्सिपनीला राहत, आठवडाभर एका कंपनीचा डेटाबेस सांभाळत आणि रविवारी सकाळी कोरोला काढून पेनसिल्व्हेनियातल्या एका मोटोक्रॉसच्या ट्रॅकवर जात. मोटोक्रॉस म्हणजे मातीच्या टेकाडांवरून मोटरसायकली उडवत पळवायच्या शर्यती. काका स्वतः पुण्यात असताना फक्त लुना चालवायचे, तीही खड्डा दिसला की उतरून, हातात धरून. रूट एटी या हायवेवर त्यांनी पंचावन्न मैलांचा काटा कधी ओलांडला नाही. मागचे ट्रकवाले हॉर्न मारून मारून दमत. असा हा माणूस दर रविवारी दुसऱ्यांना हवेत उडताना बघायला दीड तास जायचा आणि दीड तास परत यायचा.

नुसतं बघायला नाही म्हणा. मोठ्या उडीच्या बाजूला ट्रायपॉड रोवायचा, श्वास रोखायचा आणि गाडी चढाला लागली की बटण दाबून धरायचं. कॅमेरा सेकंदाला पाच फोटो काढायचा. मग घरी येऊन प्रत्येक फोटोतली गाडी कापायची आणि सगळ्या एकाच फोटोत बसवायच्या. एकच स्वार एकाच आकाशात सात जागी दिसे, चढापासून उतारापर्यंत कमानच्या कमान. पहिलं चित्र त्यांनी पुण्याला आईला पाठवलं तेव्हा आजींनी फोनवर विचारलं, "अरे, इतक्या गाड्या एकदम सोडतात? आपटतील ना एकमेकांवर!" काकांनी अर्धा तास समजावलं. आजी म्हणाल्या, "बरं, बरं. पण पुढच्या वेळी जरा अंतर ठेवायला सांग त्यांना."

ट्रायपॉडला कोणी हात लावायचा नाही, हा घरातला पहिला कायदा. मी एकदा त्याच्या पायाला पाण्याची बाटली टेकवून ठेवली, तर डेलावेअर नदीचा पूल येईपर्यंत काका माझ्याशी बोलले नाहीत. त्यांची मुलगी जिन्यावरून घसरली तेव्हा ते गुडघ्यावर बसून तिला विचारत होते, "तिसऱ्या आणि चौथ्या पायरीच्या मध्ये नक्की काय झालं?" मुलगी रडत म्हणाली, "आय फेल डाउन, बाबा!" आणि काकू आतून ओरडल्या, "अरे, आधी बर्फ आण!" काका एकही फोटो पुसत नसत, हललेला नाही, काळा पडलेला नाही, स्वतःच्या बुटाचा आलेला नाही. सगळ्यांच्या सीड्या मिठाईच्या रिकाम्या डब्यांत भरून कपाटात ठेवलेल्या. काकूंच्या पैठण्या त्यासाठी बिछान्याखाली हाकललेल्या. आणि डब्यांवर तारीख नाही, तर हवामान: 'पातळ ढग', 'कडक ऊन', 'आधी ढग, मग ऊन'. "तारखेचा काय उपयोग?" ते म्हणत. "उजेड जुळायला हवा."

मी तेव्हा शिकत होते आणि शिकण्यापेक्षा पत्रकं जास्त काढत होते. कॅन्टीनच्या सफाई कामगारांसाठी, बंद केलेल्या बससाठी, जिथे अन्याय दिसेल तिथे. काका दार उघडतानाच म्हणायचे, "या बाईसाहेब! आज कोणाचा धिक्कार?" मी चिडायचे आणि काकूंचे पोहे खायचे.

ट्रॅकवर काकांची एकच मैत्रीण होती. रोझ, निवृत्त स्कूलबस ड्रायव्हर. मोठ्या उडीच्या शेजारी ती केशरी जॅकेट घालून, हातात पिवळा झेंडा घेऊन उभी असे. उडी मारणाऱ्याला पलीकडचा उतार दिसत नाही; तिथे कोणी पडलेलं असेल तर रोझने झेंडा हलवायचा, म्हणजे मागचा उडी न मारता हळू येतो. त्या दोघांत दर रविवारी दोनच वाक्यं व्हायची. ती विचारायची, "उजेड कसा आहे आज?" काका म्हणायचे, "मऊ आहे," आणि डब्यातली एक चकली तिला द्यायचे. कितीतरी रविवार हा संवाद एका शब्दानेही वाढला नाही.

ऑक्टोबरातल्या एका रविवारी चव्वेचाळीस नंबरचा स्वार उडी मारून थेट एका पडलेल्या गाडीवर उतरला. दोघंही हॉस्पिटलात, एकाच्या मांडीचं हाड, दुसऱ्याची कॉलरबोन. मी त्या दिवशी गेले नव्हते. चव्वेचाळीसच्या बायकोने मागितलं म्हणून काकांनी त्या उडीचं चित्र करून दिलं. एक प्रत मी त्यांच्या भिंतीवर पाहिली. सात गाड्यांची सुरेख कमान, आणि डाव्या कोपऱ्यात रोझ. झेंडा खाली. पायाशी लोंबत.

माझं डोकंच फिरलं. दोन माणसं मोडली आणि ही बाई झेंडा खाली घेऊन उभी! मी काकांकडे एक प्रिंट मागितली. मला कलेची गोडी लागली असं समजून त्यांनी ती आनंदाने दिली. मी पत्रक काढलं: 'सात वेळा हवेत. एकदाही झेंडा नाही. जबाबदार कोण?' खाली सही, 'काळजी वाटणारे रायडर्स'. मी आयुष्यात सायकलच्या पुढे गेलेली नाही. पुढच्या रविवारी काका ट्रायपॉड रोवत होते तेवढ्यात मी दोनशे प्रती वाटल्या. उत्साहाच्या भरात एक त्यांच्याच वायपरखालीही खोचली.

तासाभरात ट्रॅक चालवणाऱ्या क्लबने रोझकडचा झेंडा काढून घेतला. संध्याकाळी पाचला क्लबची बैठक, तिला काढायचं की नाही ते ठरवायला. लोक तिच्याशी बोलेनासे झाले होते. मला, खरं सांगते, विजयी वाटत होतं.

काका चकल्यांचा डबा न्यायला गाडीकडे गेले आणि हातात पत्रक घेऊन परत आले.

"हे तुझं?"

"हो. का? फोटो तर तुमचाच आहे."

"यातली रोझ कधीची आहे?"

"कधीची म्हणजे? तेव्हाचीच!"

"अगं, सात फोटो आहेत यात." त्यांनी पत्रक माझ्यासमोर धरलं. "बाकी सहांतली मी फक्त गाडी घेतली. आकाश, माती, रोझ, सगळं पहिल्यातलं. गाडी तेव्हा जमिनीवर होती."

"मग बाकीच्या सहांत रोझ काय करतेय?"

काका म्हणाले, "मी बघितलंच नाही. मी गाडीकडे बघत होतो." आणि मग, "उजव्या कडेला पुढची गाडी येत होती. स्वच्छ दिसावं म्हणून मी ती पुसली."

त्या दिवशी काकांनी कोरोला पंचाहत्तरने चालवली. मी दाराचं हँडल धरून बसले होते.

साडेबाराला घरी पोचलो. पुन्हा निघायला जेमतेम तीन तास. कॉम्प्युटरवर नुसतं जोडलेलं चित्र होतं; मूळ फोटो डब्यांत शोधायचे. अपघाताच्या दिवशी हवा कशी होती? काका म्हणाले पातळ ढग. पातळ ढगांचे अकरा डबे निघाले. जमिनीवर सीड्या पसरल्या, कॉम्प्युटर एकेक गिळत आणि थुंकत होता, आणि प्रत्येक सीडीवर भलतीच माणसं उडत होती. दीड वाजला. दोन वाजले. "तारीख लिहायला काय होतं हो तुम्हाला?" मी ओरडले. काका म्हणाले, "आणि तुला विचारायला काय होत होतं?" मी पुढची सीडी घातली.

काकू दारात उभ्या होत्या. "अपघात झाला तो रविवार ना? त्या दिवशी तू जेवणाचा डबा भरलेला परत आणलास. तशीच पिशवी फेकून दिलीस गॅरेजमध्ये." आणि त्या गॅरेजकडे गेल्या. बुरशी आलेल्या थालीपिठांच्या शेजारी कॅमेऱ्याचं कार्ड होतं. चित्रासाठी फोटो उतरवून घेतल्यावर काकांनी ते तिथेच परत टाकलं होतं. त्या दिवसाची सीडी त्यांनी कधी केलीच नव्हती.

पहिला फोटो: चव्वेचाळीस चढाला, झेंडा खाली, आणि उजव्या कडेला पुढचा स्वार आपल्या गाडीवर व्यवस्थित बसलेला. दुसरा: चव्वेचाळीस हवेत, कडेच्या गाडीचं चाक वाकडं. तिसरा: पुढचा स्वार मातीत, आणि रोझचा हात हललेला. चौथा: झेंडा डोक्याच्या वर. पाचवा, सहावा, सातवा: रोझ दोन्ही हातांनी झेंडा हलवतेय, तोंड उघडं, पाय जमिनीवरून सुटलेले. जणू तिनेही उडी मारली होती. झेंडा वर गेला तेव्हा चव्वेचाळीस हवेत होता. हवेत ब्रेक नसतो. दोष कोणाचाच नव्हता, आणि मला तर कोणीतरी दोषी लागतोच.

ट्रॅकवरच्या पत्र्याच्या शेडमध्ये तीस-चाळीस माणसं. रोझ मांडीवर जॅकेटची घडी घेऊन बसलेली. तिथल्या निम्म्या लोकांच्या गॅरेजमध्ये काकांची चित्रं टांगलेली होती. काकांनी छापून आणलेले सात फोटो फळीवर ओळीने लावले, न कापता, न जोडता. चष्मा पुसला, आणि जो माणूस 'मऊ आहे'च्या पुढे कधी गेला नाही तो इंग्रजीत म्हणाला, "माझं चित्र सुंदर आहे. ते खरं नाही. खरं हे आहे. माझी सगळी चित्रं अशीच बनवलेली आहेत." आणि खाली बसले. मग मी उठले आणि पत्रक माझं आहे, मी रायडर नाही, आणि मी न विचारता छापलं, असं सांगितलं. माझा आवाज पत्रकातल्यासारखा अजिबात निघाला नाही.

रोझ फळीजवळ गेली. चौथ्या फोटोवर तिने बोट ठेवलं. "माझ्या हाताला आठवत होतं," ती म्हणाली. "पण तुमचं चित्र बघितल्यावर मला वाटलं, हातच खोटं बोलतोय." मग माझ्याकडे वळून म्हणाली, "पोरी, पुढच्या वेळी आधी माझ्याकडे ये. मी बारा फुटांवरच उभी असते." तिने जॅकेट घातलं आणि बैठक संपली.

काकांनी त्यानंतर एकच जोडचित्र केलं. त्यात गाडी एकदाच आहे, पुढचा स्वारही आहे, आणि रोझचे हात मात्र सातही फोटोंतले: खाली, अर्धे, वर, फडफडते. काकू म्हणाल्या, "अगदी अष्टभुजा!" रोझने ते स्वयंपाकघरात लावलं, फ्रीजच्या वर.

दोन हजार आठ साली काकांची नोकरी गेली. व्हिसा नोकरीला बांधलेला, त्यामुळे घरही गेलं, आणि ते सगळे पुण्याला परतले. मिठाईचे डबे माझ्याकडे आहेत. कधी बाहेर बघते आणि आजचा दिवस कुठल्या डब्यात गेला असता ते मनात ठरवते. परवा फोनवर मी विचारलं, "काका, फोटो काढता की नाही?"

पलीकडे रस्त्याचा आवाज येत होता.

"इथे सगळेच हलतात गं," ते म्हणाले. "स्थिर कोणाला धरायचं?"